तबकातला चिंचोका

महेशच्या वर्गात चिंचोक्याशिवाय कुणाला बोलता येत नसे.

मखमलाबादजवळच्या एका हायस्कुलात तो मराठी शिकवायचा. वर्गात ठरावीक पोरंच बोलत, बाकीची माना खाली घालून बसत. मग त्यानं गट पाडले. प्रत्येक गट गोल बसवला. ज्याला त्याला दोन चिंचोके. बोललं की एक मधे ठेवायचा. संपले की गप्प राहून इतरांचं ऐकायचं. आणि चिंचोका हातात ठेवून कुणी उठायचं नाही.

चिंचोके घरचेच. आई, सखुबाई, चिंचा फोडताना बाजूला काढून ठेवी.

"येवढे कशाला रे?"

"पोरांना बोलतं करायला."

"चिंचोक्यानं माणूस बोलतं व्हय?" ती हसली होती.

धाकटी बहीण सुवर्णा त्याच्याच वर्गात, दहावीला. घरी तो दादा, शाळेत सर. ती चिंचोका पुढे सरकवायची आणि शेजारच्या मुलीकडे बोट दाखवून म्हणायची, "तिचं म्हणणं तेच माझं."

"सर, हिचे आम्हाला द्या," पोरं ओरडायची. "वाया चाललेत!"

महेशही हसायचा. पुढच्या गटाकडे वळायचा.

दसऱ्याचा झेंडू विकून झाला आणि पाहुणे आले. सुवर्णासाठी दिंडोरीकडचं स्थळ. मुलगा अंबडला कंपनीत. ओसरीवर सतरंजी अंथरली. महेशचे वडील पुंजाराम बोलले. मुलाचे काका बोलले. मध्यस्थ गोटीराममामा तर थांबेचना. शेजारचा सहादूसुद्धा मांडव कुठं घालायचा ते सांगून गेला. महेशला वाटलं, बैठक छान चाललीय. प्रत्येकाला बोलायला मिळतंय. त्यानंही मान डोलावली.

"झालं सगळ्यांचं बोलून," मामा म्हणाला. "सुपारी आण गं पोरी."

सुपारी फुटली की शब्द पक्का. मग माघार नाही.

सुवर्णा तबक घेऊन आली. मामानं अडकित्ता उचलला आणि हात तसाच राहिला. सुपारीशेजारी एक चिंचोका होता.

"ही कसली रीत?"

सुवर्णानं मामाकडे पाहिलं नाही. वडिलांकडेही नाही.

"सर," ती म्हणाली, "माझं बोलायचं राहिलंय."

महेशनं चमकून वर पाहिलं. घरात तिनं त्याला कधी सर म्हटलं नव्हतं.

"महेश, काय चाललंय हे?" पुंजाराम गरजले. "तिला आत धाड!"

सगळे त्याच्याकडे बघत होते. आत्ता, याच सतरंजीवर, त्यानं मान डोलावली होती. जिचं लग्न तिला कुणी विचारलंच नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्यानं हात पुढे केला आणि सुपारीवर पालथा ठेवला.

"थांबा मामा. तिची पाळी हाय." वर्गात तो असं बोलत नसे. "बोल, सुवर्णा."

"मला लग्न नको. मला पुढं शिकायचंय." तिचा आवाज कापत होता, पण वाक्य पुरं झालं.

मुलगा सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत राहिला. पुंजाराम उठायला लागले.

तेवढ्यात आतल्या दारात बांगड्या वाजल्या. सखुबाई उंबरा ओलांडून ओसरीवर आली होती. बैठकीत ती आजवर कधी आली नव्हती. चहा द्यायलासुद्धा नाही.

तिनं महेशपुढे तळहात धरला.

"मलाबी दे एक," ती म्हणाली. "मला लय बोलायचं हाय."