फिटरचाचांच्या नाटकातली मांजर

फिटरचाचांच्या नाटकांत शिवी एकही नसे. जनावरं मात्र गोठाभर असत. दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये ते इंजिन सांभाळत आणि दर गणपतीत स्वतः लिहिलेलं नाटक बसवत. त्यात सासरा सुनेला गाय म्हणे, भाऊ भावाला साप. आम्ही हसायचो. ते हसत नसत.

महाराष्ट्र होऊन वर्ष झालं होतं. मी मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते. गावच्या नाटकात तोवर पुरुषच लुगडं नेसत. चाचांनी घरी येऊन माझ्या आईकडे रीतसर परवानगी मागितली आणि मला बायकोचं काम दिलं. नवरा झाला होता कोर्टातला एक कारकून. बायको घर सोडून जाते तेव्हा तो शेजाऱ्याला सांगतो, "मांजर आहे ती. कुठंही सोडा, येईल घरी."

मी तालमीत दबकत, अंग चोरत चालू लागले. चाचांनी थांबवलं.

"बाई, तुम्ही कायले मांजर होऊन राह्यल्या? मांजर त्याच्या डोयात हाय. त्याले घरात बायको दिसलीच नाही कधी. तुम्ही आपल्या सीध्या चाला."

तालीम संपली की ते स्वतः चहा करत. सगळे उठू लागले की कुणाला तरी अडवत, "बसा ना, अजून अर्धा कप टाकतो." एकदा मी बसले आणि विचारलं, "चाची कुठं असतात?"

"पांढरकवड्याले, भावाकडं. सहा वर्षं झाली." मग कप विसळत म्हणाले, "ते मांजरीचं मीच बोललो होतो, शेजाऱ्याजवळ. तिच्या कानावर गेलं. आता नाटकाचं पत्र टाकलं हाय. पाहू, येते का."

प्रयोगाच्या दिवशी कारकुनाचा घसा बसला. चाचाच नवरा होऊन उभे राहिले. सारखी त्यांची नजर बायका बसल्या होत्या तिकडे जाई. ते वाक्य आलं. "मांजर..." म्हणाले आणि थांबले. मी विंगेत उभी होते.

"चुकलो," ते म्हणाले. "जुबेदा, चुकलो मी."

नाटकात माझं नाव सुमन होतं. लोकांना वाटलं, लिहिलंच असं आहे. टाळ्या पडल्या.

चाची आल्या नव्हत्या. चौथ्या दिवशी चाचा यवतमाळच्या गाडीत बसले, तिथून पुढे पांढरकवड्याला गेले. परतल्यावर शाळेच्या फाटकाशी दिसले. सदरा इस्त्रीचा होता, प्रवासात चुरगळलेला.

"भेटल्या?"

"भेटली. पुढ्यात बसून जेवू घातलं. तब्येत पुसली." टोपी काढून त्यांनी पुन्हा नीट घातली. "राहा, असं नाही म्हणली."

त्यानंतर त्यांनी नोकरी सोडली नाही, गाव सोडलं नाही. नाटक लिहिणं तेवढं सोडलं.