मामांचं काटरेज

वस्तू मरते, ही गोष्ट माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात कधी मान्य केली नाही. वस्तू फक्त सुकते, तुंबते किंवा रुसते, असं त्यांचं मत होतं, आणि तिन्हींवर त्यांच्याकडे एकच औषध होतं: कोमट पाणी. दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, ते कारकून होते. पुढे कापसाचे असे हाल झाले की एका हंगामात जिनिंगची यंत्रं सुरूच झाली नाहीत. मालकाने जिनिंग बंद करून जाताना ऑफिसातलं सामान माणसांत वाटून टाकलं. कुणाला कपाट मिळालं, कुणाला पंखा. मामांच्या वाट्याला जुना कॉम्प्युटर आणि एक रंगीत प्रिंटर आला, जो कित्येक महिने एक अक्षर बोलला नव्हता. मामांनी तो सायकलच्या कॅरिअरवर बांधला आणि सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आले. "बसलो असतो तर त्याले दचके बसले असते, जवाईबापू," असं त्यांनी मला नंतर समजावलं.

घरी आल्यावर निदान झालं. काटरेजच्या, म्हणजे प्रिंटरमधल्या शाईच्या डबीच्या, तोंडाशी शाई वाळून बसली होती. मग मामींच्या स्वयंपाकघरातल्या वाट्या एकेक करून दवाखान्यात भरती झाल्या. बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं मामा कोपर बुडवून पाणी बघायचे, मग काटरेजचं नुसतं तोंड त्यात टेकवून समोर मांडी घालून बसायचे. पाण्यात निळी, लाल, पिवळी रेघ सुटली की त्यांचा चेहरा खुलायचा. "सुटून राह्यली!" एवढंच ते म्हणायचे, पण ते गल्लीभर ऐकू जायचं.

"एका वाटीत निळं, एकीत पिवळं. मी दही कायच्यात लावू?" मामी विचारायच्या.

"स्टीलच्या वाटीले रंग लागत नाई."

"वाटीले नाई लागत. माह्या जिवाले लागते."

ओलं काटरेज टिपायला मात्र मामा कापूस वापरू देत नसत. उभा जन्म कापसात गेलेला माणूस, घरात गादीपासून वातीपर्यंत कापूस, पण काटरेजजवळ कापूस न्यायचा नाही. "तंतू अडकते," ते गंभीरपणे सांगत. त्यामुळे गावातल्या प्रत्येक लग्नातून मामा जेवणाइतकेच कागदी रुमाल घेऊन परतत. निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावरच्या बाई त्यांची दहाही रंगीत बोटं पाहून थबकल्या आणि "यातलं आजचं कोणतं?" असं विचारत्या झाल्या. मामांनी रांग थांबवून त्यांना शाईचे प्रकार समजावले आणि मत देऊनच आले.

शेजारी सुजाता राहायची, अंगणवाडीत शिकवायची. तिची आई वारली. आईचा फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नात पाहुण्याने काढलेला. तिने तो शहरातल्या स्टुडिओतून मोठा करून आणला, तर स्टुडिओवाल्याने आपल्या परीने उपकार म्हणून आई गोरीपान करून दिली होती. गालावर गुलाबी छटासुद्धा होती. रविवारी आईच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीचा, कार्यक्रम होता. सुजाता मूळ फोटोची सीडी घेऊन मामांकडे आली. "काका, पाहुणे येतीन अन् विचारतीन, हे कोन बाई? माही माय अशी नोयती."

मी तेव्हा दारव्ह्यातच होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या कागदावर आई निळी निघाली. दुसऱ्यावर हिरवी. तिसऱ्यावर कपाळापर्यंत आली आणि लाइट गेली. मामांनी काटरेजला अंघोळीवर अंघोळ घातली, सुईने शाई भरली, फुंकर मारली. पिवळा सुटला. लाल मात्र अडूनच होता, थोडा येई, थोडा राही. शनिवारी दुपारी त्यांनी आणखी एक कागद काढला, उजेडात धरला, मान हलवली आणि बाजूला टाकला. तेवढ्यात सुजाता विचारायला आली. तिने तो टाकलेला कागद उचलला आणि तिथेच जमिनीवर बसली.

"हाच," ती म्हणाली. "वावरातून आल्यावर मायचा रंग असाच दिसे."

"थांब ना पोरी," मामा घाईने म्हणाले, "लाल अजून मोकळा नाई झाला. अजून एकडाव भिजवतो, मंग पाह्यजो."

दारात उभ्या असलेल्या मामी पुढे आल्या. त्यांनी मामांच्या समोरची वाटी उचलली आणि पाणी मोरीत ओतून टाकलं. "आता नाई," त्या म्हणाल्या.

मामा त्यांच्याकडे बघत राहिले, मग सुजाताकडे. ती कागदावरून बोट न टेकवता हात फिरवत होती. मामांनी हळूच उठून प्रिंटरचं बटण बंद केलं. हातात घेतलेली वस्तू पूर्ण दुरुस्त न करता त्यांनी सोडलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

पुढे मुलाने दोघांना नागपूरला नेलं. त्याच्याकडे नवा प्रिंटर आहे, कधी अडत नाही. गेल्या खेपेला गेलो तेव्हा नात काहीतरी छापत होती. कागद सळकन बाहेर आला. मामांनी तो उचलला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "दाबलं की निघते," ते मला म्हणाले. मग कागद तिच्या हातात देऊन खिडकीपाशी जाऊन बसले, आणि आपली दहाही कोरी बोटं उलटसुलट करून पाहू लागले.