पडवीतला पेला

महाडच्या स्टँडवर पोलादपूरची एसटी सुटायची वाट बघत होती. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. मांडीवर उद्याच्या तासाची वही होती. शेजारच्या पन्नाशीच्या गृहस्थाने पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढून खिडकीतून चहावाल्यापुढे धरला. एरवी भांड्यावर नाव कोरतात. याच्यावर कोरलं होतं 'टीबी', आणि त्याखाली, ताज्या अक्षरांत, 'बरा झाला'.

मी वाचतोय हे बघून तो खुलला.

"डाक्टर बोलला, गोळ्या संपल्या, आता भांडी वेगळी नकोत. भावानं लगेच पेला बाजारात नेला नि खालची अक्षरं घालून आणली. घरी पेला मात्र अजून पडवीतच असतो."

मग त्याने वहीत डोकावलं. "काय शिकवता सर?"

"हायड्रोजन कधीकधी धातूच्या अणूलाही सैलसा टेकतो, ते."

"मग त्या धातूला वेगळा ठेवतात?"

"छे हो!"

"धातूचं बरं हाय," म्हणत त्याने पेल्याची कड सदऱ्याने निगुतीने पुसली आणि पेला माझ्यापुढे केला. "आधी तुम्ही घ्या, सर. अर्धा."

"मी चहा सोडलाय," मी म्हणालो.

पोलादपूरला उतरल्यावर सवयीने टपरीवर गेलो, कटिंग घेतला. दुसऱ्या घोटाला शेजारी तोच, टपरीवाल्यापुढे पेला धरून उभा. मी ग्लास लपवायला जागा शोधू लागलो.

"असू दे, सर," तो समजूत घालत म्हणाला. "आमच्या घरी पण सगळ्यांनी चहा सोडलाय. माझ्यापुरता."