विहिणीच्या ताटातली करंजी

सात मे. दुपारच्या जेवणाआधी दीडशे करंज्या तळून व्हायला हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी मुलीचं लग्न, आणि संध्याकाळी फलटणहून वरपक्ष हॉलवर उतरणार. तळत मी होते, लाटायला आणि भरायला सांगलीची धाकटी बहीण.

आमच्याकडे विहिणीच्या ताटात एक करंजी खोट्या सारणाची ठेवतात. कुणी कापूस भरतं, कुणी तिखट. विहीण फसते, बायका हसतात आणि दोन्ही घरं जरा मोकळी होतात. माझ्या लग्नात आईनं कापूस भरला होता. सासूबाई तो दातांतून ओढत बसल्या आणि पुढं दहा वर्षं आईला ऐकवत राहिल्या. तेवढी गंमत मलाही कळते.

"एखादी तिखटाची करू की गं, अक्का," बहीण म्हणाली.

"नको." मग मी तिला कारणही सांगितलं. विहीणबाईंच्या तोंडात वर्षभरापासून फोड आहेत. औषध चालू आहे, नुसत्या आमटीनंही आग होते. पाहुण्यांत बोभाटा नको म्हणून त्यांनी हे मला एकटीला सांगितलं होतं. "हवा तर कापूस भर."

"बरं बाई. लगीन तुझ्या लेकीचं."

संध्याकाळी विहीणबाईंनी करंजीचा पहिला घास घेतला आणि पदर तोंडाशी धरून खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी आलं. बायका हसल्या. बहिणीचा मोबाइल घास घेण्याआधीच वर झाला होता, हे मी पाहिलं.

"कुणी केल्या हो करंज्या?" नवऱ्यामुलाच्या आत्यानं विचारलं.

"आमच्या अक्कानं," बहीण म्हणाली. "तिच्या हाताला चवच तशी हाय."

पुन्हा हशा. मी गार दूध आणून दिलं. विहीणबाईंनी पेला घेतला आणि मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुम्हाला तर सांगितलं होतं मी."

भरल्या मांडवात सख्ख्या बहिणीला खोटं पाडायला माझी जीभ रेटली नाही. उद्यापासून माझी मुलगी त्यांच्या हाताखाली राहणार होती, आणि त्यांच्या लेखी तिची आई दुखणं ऐकून घेऊन त्यावरच तिखट टाकणारी ठरली होती.

स्वयंपाकघरात मी बहिणीला धरलं.

"चेष्टा केली गं. तू लय मनाला लावून घेतीस."

"तुला सांगितलं होतं मी."

"म्हणून तर. कापसानं कोण ठसकतंय?"

खोडी, चेष्टा, थट्टा, मस्करी. शब्द कुठलाही काढा, ज्याला लागलं त्यानंच हसून दाखवायचं असतं. नाही हसला तर तो रडका. लहानपणी ती माझी वेणी खिडकीच्या गजाला बांधायची. ती खोडी होती. मी उठले की ओढ बसायची, आई तिला धपाटा घालायची, विषय संपायचा. पण कुठं दुखतं हे माझ्याकडून ऐकून तिनं तिथंच बोट ठेवलं आणि बोट माझं म्हणून दाखवलं. त्याला चेष्टा म्हणायला मी तयार नाही.

शिवाय लग्नानंतर मुलीबरोबर पाठराखीण म्हणून तीन दिवस सासरी राहायला तीच जाणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी मऊ भात आणि ताक घेऊन विहीणबाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, "तिखट माझ्या बहिणीनं भरलं. पण तुमचं दुखणं तिला मीच सांगितलं, ती चूक माझी."

त्यांनी भात कालवला. एक घास खाऊन म्हणाल्या, "त्या येणार आहेत ना पोरीबरोबर?"

"नाही," मी म्हटलं.

खाली येऊन मुलीच्या सामानातून बहिणीची बॅग बाजूला काढली, तिच्या हातात दिली आणि माझ्या जावेला सांगितलं, तीन दिवसांचे कपडे भर, पाठराखीण तू.