जिनातला दिवा

नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, माझा नवरा इंजिन चालवायचा. सातपुड्यातल्या लाकडांवर बॉयलर तापे, वाफेवर इंजिन फिरे आणि इंजिनाच्या पट्ट्यावर डायनामो फिरे. त्यातूनच आवारातल्या आमच्या खोलीत दिवा लागे. हंगाम संपला की सगळंच बंद.

एका उन्हाळ्यात नवरा कामासाठी सुरतेला गेला, तो पावसाळा सरला तरी आला नाही. मी दिव्याचं बटण चालूच ठेवलं. तो येऊन इंजिन सुरू करील तेव्हा कळेलच.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी दिवा लागला. मी दोघांच्या भाकरी थापल्या. दारात परका माणूस उभा राहिला.

"वहिनी, दादा तठेच राही गया. इंजिनवर आते मी शे."

खोली इंजिनवाल्याची असे, आणि इंजिनवाला आता तो होता. मी त्याला जेवायला वाढलं आणि त्याच दिव्याच्या उजेडात ट्रंक भरायला घेतली.