साडेपाच तासांवरचा भाऊ

विमानतिकिटांच्या ऑफिसात सव्वीस वर्षं काढलेल्या ताईला भावाच्या शहराचं अंतर तोंडपाठ होतं. तीन हजार नऊशे किलोमीटर, विमानात साडेपाच तास. वडिलांचं ऑपरेशन परवावर आलं होतं आणि मुलाने सही केल्याशिवाय आपण ते करून घेणार नाही, असं म्हातारा हटून बसला होता.

"ताई, एवढ्या लांबून यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो गं," भाऊ फोनवर म्हणाला.

"मला नको शिकवूस. तिथून सकाळी दहाला निघालास की इथल्या घड्याळात एकला उतरतोस. वर अडीच तास फुकट मिळतात तुला."

"तुझं बरंय, खुर्चीत बसून जग फिरतेस!"

"आणि तू जगभर फिरतोस, बापाकडे तेवढा फिरकत नाहीस. उद्याच्या विमानात तुझ्या नावाने सीट धरलीय. सहापर्यंत हो म्हण, नाहीतर सोडून देईन."

समोरचं गिऱ्हाईक कानकोंडं होऊन छताकडे बघत राहिलं.

सहाला भावाचा मेसेज आला, "बघतो." चार वर्षं तो नुसता बघतच होता. ताईने सीट सोडली आणि तडक हॉस्पिटल गाठलं. संमतीच्या कागदावर नातेवाइकाच्या रकान्यात तिने स्वतःचं नाव घातलं, सही ठोकली आणि कागद वडिलांपुढे धरला.

"तो येत नाहीये, बाबा. खाली तुमची सही करा. माझ्यावर रागवायचं असेल तर शुद्धीवर आल्यावर रागवा."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पेन आण," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले.