दिवाळीत मोजलेली चार मिनिटं

वर्ध्याला उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत एका गावाच्या अग्निशमन दलाची पुढची दहा वर्षं होती आणि तिच्यावर गोरसपाक बिस्किटांचा पुडा. आर्वीपर्यंत एसटीनं दोघांना इतकं घुसळलं की आराखड्याच्या मुखपृष्ठावर तुपाचा डाग पडला. आर्वीच्या पुढच्या त्या कापसाच्या गावाचं नाव सांगत नाही. तिथं मला अजून तोंड दाखवायचं आहे.

दुसऱ्या दिवशी चार वाजता नगरपरिषदेची सभा होती. माझा मुद्दा एकच: बाजारामागचं जुनं केंद्र बंद करून नवं बायपासवर न्यायचं. तिथून जिनिंगपर्यंत (कापसातून सरकी काढायचा कारखाना) चार मिनिटं. मी स्वतः स्कूटरवर तीनदा मोजली होती.

मला रिकामं बसवत नाही. डागाळलेलं मुखपृष्ठ बदलायचंच, तर नव्या जागेवर गाडी उभी करून फोटो घ्यावा, असं मनात आलं. सकाळी सातला केंद्रावर जाऊन उकंडरावांच्या मागे लागलो. ते दलाच्या एकुलत्या एका गाडीचे चालक, तीस वर्षं त्याच सीटवर. त्यांनी तर्री पोहे (वर लाल रस्सा ओतलेले) संपवले, नकाशावर बोट ठेवलं.

"हे चार मिनिटं कवाचे जी?"

"दिवाळीच्या सुट्टीतले."

"दिवाळीत त बाजार बंद राह्यते," एवढंच म्हणून त्यांनी किल्ली घेतली.

कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग कडेला होती, रस्ता मोकळा होता. बायपासवर मी गाडी पुढे घ्या, मागे घ्या, ऊन येऊ द्या, असं करत तास घालवला. तेवढ्यात फोन आला. जिनिंगमध्ये कापसाची गंजी (मोठा ढीग) पेटली होती.

परत निघालो तर बाजाराच्या अलीकडे कापसाचे ट्रॅक्टर रस्ताभर उभे. सायरन वाजला, कुणी हललं नाही. मी खिडकीतून ओरडलो, "बाजूला घ्या."

ट्रॉलीवरच्या बाईंनी मला नीट पाहून घेतलं. "काऊन घेऊ? कालपासून उभी हाओ. नंबर गेला त तुमी देता का?"

उकंडराव खडू घेऊन खाली उतरले. पहिल्या ट्रॉलीच्या फळीवर एक लिहिलं, दुसरीवर दोन. "नंबर लिवला, माहा शब्द हाय. घे बाजूले, मावशे." नंबर दिसला की ट्रॅक्टर निमूट वावरात उतरे. दुसरा खडू त्यांनी मला दिला. "तुमी तीसपासून लिवा." मी घाईत एकतीस दोनदा लिहिलं. दोन शेतकरी एकमेकांच्या अंगावर गेले.

"साहेब, तुमी गाडीत बसा न जी," उकंडराव शांतपणे म्हणाले.

पोचायला सव्वीस मिनिटं लागली. कामगार बायांनी टोपल्यांनी कापूस ओढून शेड वाचवलं होतं. गंजी मात्र गेली. एकीचे दोन्ही तळहात भाजले होते. ती ते पाण्याच्या बादलीत बुडवून बसली होती.

"गाडी कुठी गेलती, भाऊ?" तिनं विचारलं. "जुनी जागा त इथून दिसते."

"कामानं गेलती," उकंडराव म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

त्या न पाहण्यानं मला दुपारी जिनिंगमधून नगरपरिषदेपर्यंत पायी पळवलं. चार वाजता उभा राहिलो आणि सांगून टाकलं की गाडी माझ्या फोटोसाठी गेली होती, मी सुट्टीत मोजलं, आणि बायपासवर केंद्र नेलं तर हंगामात रोज हेच होईल.

मुख्याधिकारी मॅडमनी चष्मा काढला. "आजच्या ठरावाशिवाय बांधकामाची मंजुरी राहणार नाही. तुम्ही तीन महिने काय केलंत?"

"चुकीचं केलं," मी म्हणालो. "पण जुनं केंद्र मोडू नका."

बराच वेळ कुजबुज झाली. शेवटी ठरावातली 'बायपास' ही ओळ खोडली गेली, जुन्या जागेवरच बांधकाम ठरलं, आणि गर्दीतल्या वेळा हंगामभर मोजून द्यायच्या असं माझ्या नावासमोर लिहिलं गेलं. उकंडराव सभेला आले नव्हते. ते गंजीवर पाणी मारत होते. कापूस आतून दोन-दोन दिवस धुमसतो.

परतीच्या एसटीत शेजारच्या काकांनी विचारलं, "काय काम करता जी?" एरवी मी अशा वेळी शहरांचं भविष्य वगैरे सांगतो.

"आगीच्या गाडीले उशीर केला," मी म्हणालो. जीभ त्यांच्याच वळणानं गेली.

काकांनी सरकून जागा दिली. "मंग आता?"

"घरी कपडे घ्यायचे आणि परत जायचं. बाजार चालू असताना."